पाठमोरी पिन्कोया

तेन्केलेन या बेटावरच्या लहानशा शहरात कुणी कुठेही उभं राहिलं तरी पिन्कोयाच्या पुतळ्याची पाठच दिसायची. चर्चच्या पायरीवरून पाठ, मासळीबाजाराच्या दारातून पाठ, धक्क्यावरच्या कॉफीच्या टेबलांवरून तर अगदी डोळे भरून पाठ. कमरेखाली गेलेले केस, अंगावर शेवाळाचं वस्त्र, उजवा खांदा किंचित वर आणि नाचात उचललेला एक पाय. किनाऱ्यापासून थोडं आत, ओहोटीला चालत जाता येईल अशा काळ्या खडकावर ती समुद्राकडे तोंड करून उभी होती. शहराच्या शिक्क्यावर तीच, शाळेच्या स्वेटरवर तीच, बिअरच्या बाटलीवरही तीच, आणि सगळीकडे पाठमोरी.

खडकापलीकडे मात्र खोल पाणी, म्हणून चेहरा बघायचा तर लाँचमधून वळसा घालून जावं लागे, आणि त्या लाँचपैकी एक एदुविनाची होती.

एदुविना लेविकोय पन्नाशी ओलांडलेली, आडव्या बांध्याची, खारट वाऱ्याने रापलेली बाई. उन्हाळाभर ती पर्यटकांना घेऊन जायची. खडकाच्या पलीकडे पोचलं की इंजिन मंद करायचं आणि सांगायचं, "ही पिन्कोया. आमच्या समुद्राची पोरगी. पहाटे किनाऱ्यावर येऊन नाचते. नाचताना तोंड समुद्राकडे असलं की जाळी फाटेस्तोवर मासे. डोंगराकडे असलं की त्या वर्षी शिंपल्यात नुसती वाळू." मग कुणीतरी विचारायचंच, "पण चेहरा कुणाचा आहे हो? अगदी खऱ्या बाईसारखा वाटतो."

"पिन्कोयाचा," एदुविना सुकाणू वळवत म्हणायची. "दुसऱ्या कुणाचा असणार?"

चेहरा तिच्या आईचा होता.

त्या काळी वसंत आला की बेटावरचे पुरुष टोळ्याटोळ्यांनी दक्षिणेला जायचे, पातागोनियात मेंढ्यांची लोकर कातरायला. एका वर्षी तशाच एका टोळीबरोबर एदुविनाची आई, ओतिलिया, स्वयंपाकाला म्हणून गेली. एदुविना तेव्हा सात वर्षांची. त्याच थंडीत तिचा तान्हा भाऊ तापाने गेला होता, आणि घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. हंगाम संपला, पुरुष नव्या चादरी आणि लोकरीची पोती घेऊन परतले. ओतिलिया त्यांच्यात नव्हती. 'पुढच्या हंगामानंतर येते' एवढा तोंडी निरोप आला. पुढच्या हंगामानंतर तोही आला नाही.

एदुविनाचा बाप सोफानोर होड्या बांधायचा. बोलायचा कमी आणि रंधा मारायचा जास्त. बायको गेल्यानंतरच्या वर्षी मासे रोडावले, तेव्हा कोळ्यांच्या मंडळाने ठरवलं की खडकावर पिन्कोया उभी करायची. मूर्तिकार आणायची ऐपत नव्हती. सोफानोर सभेत मागे बसला होता. "मी करतो," म्हणाला, आणि उठून कामाला गेला. त्याने ती होडीसारखीच बांधली. आत सुरूच्या लाकडाच्या फासळ्या, त्यावर सळ्या, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, वरून सिमेंट. भरतीला तराफ्यावर घालून खडकापर्यंत नेली. होड्यांतून बघायला गेलेल्या बायकांपैकी एक न राहवून बोलून गेली, "अगं बाई! ही तर ओतिलिया!"

त्या संध्याकाळी सोफानोरने पोरीला छोट्या होडीत बसवलं आणि वल्हवत पलीकडे नेलं. वल्ही थांबवून तो बसून राहिला. ती बघत राहिली.

"थंडी वाजते का?" त्याने विचारलं.

"नाही."

मग त्याने होडी वळवली. बापलेकीत या विषयावर जन्मात झालेलं बोलणं ते एवढंच.

सोफानोर दोन हिवाळ्यांपूर्वी वारला. घर एदुविनाचं झालं. स्वयंपाकघराची खिडकी समुद्राकडे होती, आणि भांडी घासताना, बटाटे सोलताना, केस विंचरताना समोर आईची पाठ असायची. तिला त्याचं दुःख वाटायचं असं नाही. डोंगर असावा, झाड असावं, तशी ती पाठ होती. कधीकधी मात्र, धुकं उतरायला लागलं की तिला वाटायचं, आत्ता खांदा हलला. आता ही मान वळवणार. ती हात ओले ठेवून थांबायची. धुक्यात खांदा, केस, पाय सगळं विरघळून जायचं, आणि मग ती पुढचा बटाटा घ्यायची.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी नगराध्यक्ष एरास्मोने सभा बोलावली. एरास्मोचं औषधांचं दुकान होतं, आणि माणूस मोठा हौशी. "लोक कुठून कुठून येतात," तो हात पसरून म्हणाला, "आणि आपण त्यांना काय दाखवतो? ढुंगण! ते चौकात बसतात, कॉफी पितात, आणि ढुंगणाचे फोटो काढतात. तिला वळवू या. क्रेन मी बघतो."

नोल्बेर्तो, एदुविनाचा चुलतभाऊ, त्याचीही लाँच होती, उठून उभा राहिला. "ती डोंगराकडे वळली तर मासे काय तुझ्या दुकानात येणार, खोकल्याचं औषध न्यायला?"

हसू फुटलं, आरडाओरडा झाला, टीव्हीवाल्यांनी सगळं टिपलं. शेवटी हात वर करायची वेळ आली तेव्हा दुकानदारांचे हात जास्त निघाले. एदुविनाने कुठल्याच बाजूला हात वर केला नाही.

"तुझ्या बापाने उभी केली," नोल्बेर्तो बाहेर येऊन तिच्यावर घसरला, "तुझं पोट तिच्यावर, आणि तू ढिम्म?"

"मला काय हवंय तेच मला कळेना रे," ती म्हणाली. ते खरं होतं. चेहरा खिडकीतून रोज दिसला तर कसं वाटेल, याचा तिने कधी विचारच केला नव्हता, आणि आता तो डोक्यातून जाईना.

क्रेन यायची होती त्या आठवड्यात दिवसभर ऊन आणि संध्याकाळी धुकं असं चाललं होतं. अशाच एका दुपारनंतर एदुविना लाँच बांधायच्या तयारीत होती. पाठपिशव्या लावलेली दोन पोरं धुकं बघून माघारी गेली, आणि त्यांच्या मागून एक म्हातारी धक्क्यावरून काठी टेकत आली. तपकिरी कोट, डोक्याला लोकरीचा रुमाल, काखेत थर्मास.

"आजी, धुकं येतंय. उद्या या."

"आजी कुणाला म्हणतेस? मला नातवंडं नाहीत."

"मग काय म्हणू?"

"काही नको म्हणूस. हात दे." आणि ती लाँचमध्ये उतरलीसुद्धा. "उद्याचं काय ते उद्या बघू. आत्ता चल."

एदुविनाला हसू आलं. एकटीसाठी इंजिन लावणं परवडत नव्हतं, पण म्हातारीचं बसणं असं होतं की तिला उठवायला चार माणसं लागली असती. तिने दोर सोडला. पाणी दुधासारखं गुळगुळीत होतं. दूर कुठेतरी डॉल्फिन श्वास सोडत होते, त्याचा फुस्स आवाज यायचा आणि दिसायचं काहीच नाही. खडकाला वळसा घालेपर्यंत एदुविनाने सवयीने सांगायला सुरुवात केली होती. समुद्राची पोरगी, पहाटेचा नाच, जाळी, वाळू. म्हातारी थर्मासच्या झाकणात बोटं गुंफून ऐकत होती.

धुक्याचा एक पदर सरकला आणि चेहरा वर आला. ओला, राखाडी, सत्तावीस वर्षांच्या बाईचा. ओठ थोडे उघडे, जणू कुणाला हाक मारता मारता थांबलेले.

म्हातारी फळीवरून पुढे सरकून बघायला लागली. एदुविना नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत होती.

"हनुवटी बरोबर आहे," म्हातारी म्हणाली. "कान चुकलेत. सोफानोरला गोल काही जमायचंच नाही. होडीची नाळसुद्धा टोकदार करायचा."

एदुविनाने मागे वळून पाहिलं नाही. सुकाणूवरचा आपला हात तेवढा तिला दिसत होता, आणि तो कुणा दुसऱ्याचा असावा तसा दिसत होता.

"टीव्हीवर पाहिलं," म्हातारी पुढे म्हणाली. "मला फिरवणार आहेत म्हणे."

इंजिन बंद पडलं. की तिने बंद केलं, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. एकदम इतकी शांतता झाली की लाँचच्या पोटाला लागणारं पाणी ऐकू यायला लागलं. मग धुकं चारी बाजूंनी मिटलं, आणि चेहरा गेला, खडक गेला, लाँचचं टोकही गेलं. उरल्या त्या दोघी आणि मधली फळी.

"तुम्ही..." एदुविना म्हणाली.

"ओतिलिया. हो." म्हातारीने थर्मास उघडला. "तिकडे दक्षिणेला, नातालेसला असते. बरीच वर्षं झाली. तिथे मेंढ्यांच्या मळ्यावर रांधलं, मग एका खाणावळीत रांधलं, आता आपल्यापुरतं रांधते. तू एदुविना. धक्क्यावर एकाला विचारलं. म्हणाला, ती बघा, ती जाडी." तिने झाकणात ‘माते’ नावाच्या पानांचा काढा ओतला आणि पुढे धरला. "घे. गारठली असशील."

"नाही."

"तरी घे."

एदुविनाने तो घेतला. कडू होता, साखरेशिवाय. घरातही कुणी साखर घालत नसे. तिला खूप काही म्हणायचं होतं, लहानपणापासून रचून ठेवलेलं.

"बाबा गेले," ती म्हणाली.

"कळलं मला. तिकडे आपल्या बेटाची माणसं पुष्कळ आहेत, सगळं कळतं." मग म्हातारीने विचारलं, "त्याने मला असं तोंड फिरवून का उभं केलं? रागाने?"

"मी विचारलं होतं एकदा, मोठी झाल्यावर. म्हणाले, पिन्कोया समुद्राकडेच बघते, एवढंही माहीत नाही का तुला?"

ओतिलिया हसली. हसताना तिचा उजवा खांदा किंचित वर गेला. तो खांदा एदुविनाने हजारो वेळा पाहिला होता.

किती वेळ गेला कोण जाणे. धुक्यात वेळ मोजता येत नाही, नुसता पडून असतो. लाँच आपोआप सरकत होती. मग चर्चची घंटा वाजली, आणि एदुविना सावध झाली, कारण आवाज अगदी जवळून आणि मागून आला होता. कुत्रे भुंकत होते, कुणाच्या तरी चुलीतल्या ओल्या लाकडाचा वास येत होता. तिने वाकून पाहिलं. पाणी उथळ होतं, खाली गोटे दिसत होते. भरतीच्या ओढीने त्या दोघी खडकाच्या अलीकडे, शहराच्या बाजूला आल्या होत्या. ही जागा तिला आंधळेपणानेही ओळखता आली असती. इथून पाठ दिसते.

समोरचं धुकं विरलं, आणि चेहरा त्यांच्याकडे बघत होता.

तोच. राखाडी, ओला, ओठ थोडे उघडे. केसांतून पाणी निथळत होतं. उचललेला पाय आता खाली टेकला आहे असं एदुविनाला वाटलं, पण पायाशी धुकं होतं, खात्री नव्हती. तिला भीती वाटली नाही. लहानपणी झोप लागण्याआधी अंग जसं हलकं व्हायचं, तसं झालं. मागे घंटा वाजत होती, समोर आई उभी होती आणि शेजारी आई बसली होती, आणि यात काही चुकतंय असं तिला मुळीच वाटेना.

धुकं पुन्हा मिटलं. पुन्हा उघडलं तेव्हा तिथे पाठ होती, केस, खांदा, सगळं रोजच्यासारखं.

"तू पाहिलंस?" ओतिलियाने हळूच विचारलं.

"हो."

"मग ठीक आहे. मला वाटलं माझ्या डोळ्यांचंच काहीतरी. मोतीबिंदू आहे मला."

याबद्दल त्या दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. एदुविनाने इंजिन लावलं.

घरी आल्यावर मात्र सगळं बिघडलं. ओतिलियाने कोट काढला, चुलीपाशी गेली, आणि किटली उचलून मागच्या बाजूला सरकवली, जशी आपल्याच घरात सरकवतात.

"ती तिथे नाही ठेवायची!" एदुविना ओरडली. "ती पुढे असते! तिची जागा पुढेच आहे, मला किटली कुठे ठेवायची ते सांगायला आलीस? एवढ्या वर्षांत एक माणूस पाठवता आला नाही तुला? एक शब्द? मी त्या खिडकीत..."  खुर्चीवर बसून ती मोठ्याने रडली.

ओतिलियाने किटली उचलून पुढे आणून ठेवली. मग समोर बसली.

"पहिल्या वर्षी यायचं होतं," ती म्हणाली. "बाळ ज्या खोलीत गेलं त्या खोलीत यायला पाय उचलेना. दुसऱ्या वर्षी लाज वाटली. तिसऱ्या वर्षापासून लाजेचीच सवय झाली. सवयीचं काय असतं, तिच्यासोबत म्हातारपण येतं. याहून चांगलं कारण माझ्यापाशी नाही. शोधलं मी."

एदुविनाने बाहीने नाक पुसलं आणि बटाट्याच्या जाड भाकऱ्यांवरचं फडकं उचललं. "मिलकाओ खाणार का? सकाळचे आहेत."

"बटाटे तुझे?"

"माझे नाहीतर कुणाचे?"

"मग खाते."

दुसऱ्या दिवशी बाजारात एका मासळीवालीने टोपली खाली ठेवली. "ओतिलिया! तू जिवंत आहेस?"

"दिसतंय तसं."

दुपारपर्यंत शहरभर झालं. एरास्मो फोटोवाल्याला घेऊन धावत आला. "बाई, नुसतं पुतळ्यासमोर उभ्या राहा. जगभर जाईल हो फोटो!"

"मी समोर उभी राहिले तर लोक म्हणतील पुतळाच बरा," ओतिलिया म्हणाली आणि दार लावून घेतलं. पण त्याने खिडकीतून विचारलंच, की मग तिला वळवायचं की नाही, तुमचं काय म्हणणं? ओतिलियाने लेकीकडे बघितलं. एदुविना कांदे चिरत होती.

"वळवा नाहीतर नका वळवू," एदुविना म्हणाली. म्हणताना तिच्या लक्षात आलं की खरंच आता तिला याचं काही वाटत नाहीये.

क्रेन ओहोटीच्या वेळी आली. सगळं शहर किनाऱ्यावर जमलं, जणू सणच. पट्टे बांधले, ओढले, पिन्कोया करकरली आणि हळूहळू वळायला लागली. पाव फेरी वळली असेल, तोच आतून होडीचा कणा मोडावा तसा आवाज झाला. सोफानोरने तिच्या फासळ्या खडकाच्या कपारीत खोल ठोकून ठेवल्या होत्या, त्या सुटेनात. क्रेनवाला घाबरून थांबला. "आणखी ओढली तर दोन तुकडे होतील," तो म्हणाला. मागेही जाईना. शेवटी भरती चढायला लागली, आणि तिला तशीच सिमेंट भरून सोडावी लागली.

तेव्हापासून ती तिरकी उभी आहे. खाडीच्या लांबीकडे बघते. शहरातून अर्धा चेहरा दिसतो, समुद्रातून अर्धा. एरास्मो सांगतो की असंच ठरलं होतं. नोल्बेर्तो जाळं ओढलं की म्हणतो, "अर्धंच आहे, बघा!" आणि भरलेलं जाळं लपवतो.

ओतिलिया बटाटे निघेपर्यंत राहिली. मायलेकी भांडायच्या, चुलीवरून, मिठावरून, खिडकी उघडी ठेवण्यावरून. मग एका सकाळी ओतिलिया म्हणाली, "मला जायला हवं. कोंबड्या शेजारणीकडे ठेवल्यात. ती बाई त्या एकेक करून खाईल."

"बसपर्यंत सोडते," एदुविना म्हणाली.

तिने लाँच ओढून शेडमध्ये टाकली, चावी नोल्बेर्तोला दिली. बसपर्यंत गेली, मग बसमध्ये चढली, मग पुएर्तो मोंत्तच्या बंदरात बोटीच्या तिकीट खिडकीशी तिने ऐकलं, आपणच नातालेसची दोन तिकिटं मागतोय.  ओतिलिया म्हणाली, "थंडी असते तिकडे. माझा दुसरा कोट तुला होणार नाही, तू आडवी आहेस."

बोट दक्षिणेकडे निघाली. दुसऱ्या दिवशी ती अरुंद खाड्यांमधून जात होती, दोन्ही बाजूंना काळी ओली जंगलं, आणि त्यांच्यावरून पांढरे धबधबे नि:शब्द पडत होते. इतक्या दूर एदुविना कधी आली नव्हती. आई तिच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून झोपली होती आणि घोरत होती. खांदा बधिर झाला होता. समोरून एक बेट आलं, त्याच्यावर एकही घर नव्हतं, आणि मग दुसरं, त्याहून हिरवं. एदुविनाने मोकळ्या हाताने रुमाल सोडला, त्यातला थंड मिलकाओ काढला, आणि सावकाश खात ती बघत राहिली.